मुंबई–नागपूर विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि घड्याळ कुठून लावायचं

आई पहिल्यांदा विमानात बसली ती नागपूरहून मुंबईला येताना. तिकिटावर लिहिलं होतं एक तास पस्तीस मिनिटं. विमानाची चाकं उचलली तेव्हा तिने मनगटावरच्या घड्याळात बघितलं, आणि मुंबईला चाकं टेकली तेव्हा पुन्हा. "एक तास आठ मिनिटं," ती म्हणाली. "तू त दीड तास सांगत होता." मग विमान धावपट्टीवरून वळलं, थोडं पुढे गेलं आणि मध्येच उभं राहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ज्या जागी लागायचं तिथलं आधीचं विमान अजून हललं नव्हतं. आई खिडकीतून बघत म्हणाली, "आउटरले थांबली वाटते गाडी."

उभा जन्म विदर्भ एक्सप्रेसने ये-जा केलेल्या बाईला तिकिटावरचा तो अर्धा तास कुठे गेला हे बरोबर कळलं होतं.

मी मूळचा नागपूरचा, नोकरीमुळे डोंबिवलीत. वर्षातून पाच-सहा वेळा हा प्रवास होतो, आणि ओळखीतलं कुणी पहिल्यांदा तिकीट काढायला बसलं की फोन मला येतो: "विमानाने किती लांब आहे रे? आणि किती वेळ लागतो?" हे दोन प्रश्न दिसायला साधे आहेत, पण त्यांची उत्तरं तीन-चार वेगवेगळी आहेत. ती कशी काढायची ते एकदाच लिहून टाकतो. उदाहरण मुंबई–नागपूरचं असलं तरी रीत कुठल्याही दोन शहरांना चालेल.

१. शहर नको, विमानतळ पकडा

संगणकावर दोन शहरांची नावं टाकून अंतर विचारलं तर बहुतेक वेळा शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं मिळतं. विमान मात्र विमानतळापासून विमानतळापर्यंत जातं. म्हणून आधी तिकिटावरची तीन अक्षरं वाचायची. नागपूरचं एनएजी, पुण्याचं पीएनक्यू, मुंबईचं बीओएम. मुंबईत आता एनएमआय हेही आलंय, म्हणजे नवी मुंबई. तिथून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. पनवेल-खारघरच्या माणसाला ते सोन्याहून पिवळं, पण बोरिवलीच्या माणसाने भाडं शंभर-दोनशे रुपयांनी कमी दिसलं म्हणून न बघता घेतलं, तर टॅक्सीत त्याच्या कितीतरी पट जातील.

बीओएम असेल तर टर्मिनलही बघा. टी१ सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला, टी२ सहारला. आतून चालत जाता येत नाही, रस्त्याने वळसा घालून जावं लागतं आणि संध्याकाळी द्रुतगती मार्गावर तो वळसा रडवतो.

गोव्याला जाणाऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालून बघावं. दाबोळीचं जीओआय आणि मोपाचं जीओएक्स. माझा एक मित्र मडगावला लग्नाला निघाला आणि स्वस्त म्हणून मोपाचं तिकीट घेऊन बसला. मोपा पेडणे तालुक्यात, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाला, आणि मडगाव दक्षिणेत. विमानात सव्वा तास आणि मोपाहून मडगावला जवळजवळ दोन तास. हळद चुकली त्याची.

२. सरळ अंतर काढा

मुंबई–नागपूर अंतर किती, याची तीन खरी उत्तरं आहेत. रेल्वेने सीएसएमटीपासून ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, तोही भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरच्या शिवमडक्यापर्यंतचा. आणि हवेतून सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेला कसारा घाट चढायचा असतो, भुसावळकडून वळायचं असतं. विमानाला यातलं काही नाही.

हे ६८० आलं कुठून? मोबाइलवर नकाशा उघडून एका विमानतळावर बोट दाबून धरलं की 'अंतर मोजा' असा पर्याय येतो. मग दुसऱ्या विमानतळापर्यंत रेघ ओढायची, झालं. पण एकदा हाताने काढून बघा, मजा येते. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय आठवत असेल तर एवढं पुरे.

मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. नागपूरचा २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. उत्तर-दक्षिण फरक बरोबर २ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणून २२२ किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक ६.१८ अंश. इथे थोडी गंमत आहे. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे आपल्याकडे, वीस अंशांच्या आसपास, रेखांशाचा एक अंश १११ नव्हे तर १०४ किलोमीटरच भरतो. ६.१८ गुणिले १०४ म्हणजे ६४३. आता २२२ आणि ६४३ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: ६८०.

महाराष्ट्राएवढ्या अंतराला ही पद्धत अगदी बिनचूक चालते. मुंबई–लंडनसारख्या लांबच्या पल्ल्याला नाही, कारण तिथे पृथ्वीचा गोलावा मध्ये येतो. नारिंगीवर दोन टाचण्या टोचून मधून दोरा ताणून धरा, तो जिथून जातो तो सगळ्यात जवळचा मार्ग. सपाट नकाशावर तोच दोरा धनुष्यासारखा वाकलेला दिसतो, म्हणून लोक म्हणतात विमान उगाच वरून फिरून जातं.

कुठे अंतर नॉटिकल मैलात दिलेलं दिसलं तर १.८५२ ने गुणायचं.

अंतराचा विषय निघालाच आहे तर नागपूरकर म्हणून जरा मिरवून घेतो. सीताबर्डीजवळच्या झिरो माईलच्या दगडावर जबलपूर, हैदराबाद, चांदा अशी अंतरं मैलांत कोरलेली आहेत. आणि १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली ती याच शहराच्या जिवावर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी विमानं रात्री निघायची, मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जिथली तिथे परत. वरच्याच हिशेबाने काढून बघा: नागपूरहून मुंबई ६८०, दिल्ली सुमारे ८५०, चेन्नई ९१०, कोलकाता ९८५. चारही महानगरांना एका रात्रीत गाठता येईल असं दुसरं ठिकाण नकाशावर सापडणं कठीण.

३. अंतरावरून वेळेचा अंदाज

आपल्याकडे देशांतर्गत मार्गांवर जी मोठी जेट विमानं उडतात ती उंचीवर पोचल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातात. मग ६८० किलोमीटरला पाऊण तास पुरायला हवा. पण विमान तो वेग जेमतेम अर्धा तास ठेवतं. वीसेक मिनिटं वर चढण्यात जातात, तेवढीच उतरण्यात. उडताना आणि उतरताना धावपट्टीच्या दिशेला वळावं लागतं तेही अंतर वाढवतं.

म्हणून माझा अंगठ्याचा नियम: किलोमीटरला ८०० ने भागा, आणि उत्तरात चाळीस मिनिटं मिळवा.

मुंबई–नागपूर: ६८० भागिले ८०० म्हणजे ५१ मिनिटं, अधिक ४०, एकूण १ तास ३१. तिकिटावर दीड ते पावणेदोन तासांच्या मधलं काहीतरी दिसेल. पुणे–नागपूर सुमारे ६०५ किलोमीटर, उत्तर १ तास २५. मुंबई–दाबोळी ४२५ किलोमीटर, १ तास १२. मुंबई–दिल्ली ११४० किलोमीटर, २ तास ५ मिनिटं, आणि दिल्ली-मुंबई दोन्हीकडे गर्दी म्हणून तिकिटावर याहून थोडं जास्तच असतं. बघा, गोवा नागपूरपेक्षा अडीचशे किलोमीटरने जवळ आहे, पण वेळेत फरक वीसच मिनिटांचा. जवळच्या पल्ल्यात किलोमीटरपेक्षा ती चाळीस मिनिटंच खरी.

छोटं पंख्याचं विमान असेल, एटीआर, तर ते ताशी ५०० च्या घरात जातं. मग भागाकार ५०० ने करा.

४. तिकिटावरची वेळ म्हणजे नेमकं काय

इथे नवीन माणूस हमखास फसतो. तिकिटावर 'निर्गमन ७:१०' असेल तर ती विमान उडण्याची वेळ नाही. ती विमान उभं असलेल्या जागेवरून मागे ढकलायला सुरुवात होण्याची वेळ. त्याच्या बरंच आधी दार बंद झालेलं असतं. तसंच 'आगमन ८:४५' म्हणजे पलीकडे जागेवर येऊन उभं राहण्याची वेळ, चाकं टेकण्याची नाही.

या दोन्हींच्या मध्ये जमिनीवरचं फिरणं येतं. नागपुरात ते पाच-सात मिनिटांत आटपतं. मुंबईत वीस-पंचवीस मिनिटं सहज. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना कात्री मारतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. ओळीने आठ-दहा विमानं उभी आहेत आणि एकेक पुढे सरकतंय हे दृश्य रोजचं. दर वर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी धावपट्टी दिवसा काही तास बंद ठेवतात, त्या दिवसांत तर आउटर लांबच लागतो. हवेतही आउटर असतो बरं का. खाली जागा नसली की विमानाला वरच्या वर घिरट्या घालायला लावतात. खिडकीतून तीच खाडी दुसऱ्यांदा दिसली की समजायचं.

कंपन्यांना हे सगळं माहीत असतं, म्हणून वेळापत्रकात त्या आधीच दहा-पंधरा मिनिटं पदरची घालून ठेवतात. त्यामुळेच उशिरा सुटलेलं विमान कधी कधी वेळेवर पोचतं आणि वैमानिक कौतुकाने तसं जाहीर करतो. त्यात कौतुकाचं फारसं काही नसतं.

खरी वेळ बघायची असेल तर फ्लाइटरडार२४ वर तुमच्या विमानाचा क्रमांक टाका. गेल्या काही दिवसांत ते रोज किती वाजता सुटलं, किती वाजता टेकलं, सगळं दिसतं. आणखी एक युक्ती: तुमचं विमान त्याआधी कुठून येतंय ते बघा. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. जानेवारीत सकाळी ते दिल्लीच्या धुक्यात अडकलं असेल तर तुमचं दुपारचं नागपूर उशिरा सुटणार हे कंपनीचा निरोप येण्याच्या तासभर आधी तुम्हाला कळलेलं असतं. म्हणूनच आईसाठी तिकीट काढताना मी दिवसातलं पहिलं विमान घेतो. ते रात्रीच तिथे येऊन उभं असतं.

५. वाऱ्याचं काय

या मार्गावर फारसं काही नाही. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, नागपूरला जाताना पाठीवर, येताना तोंडावर. पण विमान वरच्या उंचीवर जेमतेम अर्धा तास असल्यामुळे फरक दोन-चार मिनिटांचा. उंचीचा मात्र एक खेळ आहे, मुलांना आवडतो: पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजारांच्या उंचीवर उडतात, पश्चिमेकडे येणारी सम. म्हणजे जाताना वैमानिक ३५ हजार फूट सांगेल, येताना ३४ किंवा ३६ हजार.

६. आता खरा हिशेब: दार ते दार

आतापर्यंतचं सगळं अंदाजापुरतं. तुमचा दिवस किती जाणार हे वेगळंच गणित आहे, आणि ते कागदावर मांडल्याशिवाय तिकीट काढू नये या मताचा मी आहे. माझं मांडून दाखवतो.

डोंबिवली ते टी२. टॅक्सीने सकाळी लवकर तासाभरात, गर्दीत दोन तास. सामान आटोपशीर असेल तर मी लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, आणि तिथे बदलून मेट्रो ३ ने एकच स्टेशन. बॅग एक असली तर हे टॅक्सीपेक्षा भरवशाचं. धरा पावणेदोन तास.

विमानतळावर दोन तास आधी. बॅगा घेणारं काउंटर बहुतेक कंपन्यांत सुटण्याच्या एक तास आधी बंद होतं, आणि गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. एक मिनिट उशीर झाला तरी तिथे 'ताई, जरा बघा ना' चालत नाही. चेक-इन घरूनच मोबाइलवर केलं आणि बॅग हातातली असेल तर दीड तासावर आणता येतं. पहिल्या वेळी आणू नका.

विमान: एक तास पस्तीस.

नागपूरला उतरून बॅग येईपर्यंत अर्धा तास. तिथला विमानतळ लहान, बाहेर पडणं सोपं. पुढे घरापर्यंत अर्धा तास. वर्धा रोडवर मेट्रोचं एअरपोर्ट स्थानक आहे, पण ते विमानतळाच्या दाराशी नाही, मध्ये ऑटो करावा लागतो. सोबत म्हातारं माणूस असेल तर सरळ ऑटोनेच घरी जा.

बेरीज करा: १:४५ + २:०० + १:३५ + ०:३० + ०:३०. सहा तास वीस मिनिटं. ६८० किलोमीटरला सहा तास वीस मिनिटं म्हणजे ताशी १०७ किलोमीटर. समृद्धीवर गाड्यांना १२० ची परवानगी आहे! पहिल्यांदा हा भागाकार केला तेव्हा मी दोनदा तपासून पाहिला.

याचा अर्थ विमान सोडून गाडी काढा असा नाही. गाडीने जेवणखाण, थांबे धरून नऊ तास होतात आणि चालवणाऱ्याची कंबर धरते. विदर्भने रात्रभर, चौदा-एक तास, पण ते झोपेत जातात आणि कल्याणला बसता येतं. शुक्रवारी कचेरी सुटल्यावर निघायचं आणि शनिवारी सकाळी पोहा-तर्री खायची असेल तर मला आजही रेल्वेच बरी वाटते. दुपारी बातमी आली आणि रात्रीच्या आत पोचायचं असेल तर विमानाला पर्याय नाही. कोणतं वाहन घ्यायचं ते तुमच्या दोन टोकांवर ठरतं. अंधेरीत राहणाऱ्याचे या हिशेबातले सव्वा तास तिथल्या तिथे वाचतात. टिटवाळ्याच्या माणसाचे वाढतात.

७. उशीर झाला तर

प्रवासाच्या वेळेचा इथेही एक उपयोग आहे, तो फार जणांना ठाऊक नसतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत उशिरासाठीची सोय उड्डाणाच्या ठरलेल्या कालावधीवर अवलंबून असते. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणंपिणं कंपनीने द्यायचं असतं. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांची. मुंबई–नागपूर पहिल्या गटात येतं. काउंटरवर जाऊन शांतपणे, पण नियमाचं नाव घेऊन विचारा. मी एकदा चार तास बसलो होतो, बाजूच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं म्हणून आम्हा सगळ्यांना डबे मिळाले. तोवर कुणी उठलंच नव्हतं.

८. परदेशचं तिकीट असेल तर

वरचं सगळं लागू, फक्त दोन गोष्टी जास्त. पहिली, तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. मुंबईहून दुपारी १ ला सुटून लंडनला संध्याकाळी ६ ला पोचणारं विमान पाच तासांत गेलं असं समजू नका. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, म्हणून प्रवास साडेदहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा होतो, तेव्हा त्याच वेळा साडेनऊ तास सांगतील. वेळेपुढे बारीक '+१' दिसलं तर पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची. न्यायला येणाऱ्याला ती तारीख कळवा, निघण्याची नको.

दुसरी, मुंबई–लंडन सरळ अंतर सुमारे ७२०० किलोमीटर असलं तरी विमान दर वेळी त्या रेघेवर उडेल असं नाही. वारा इथे मोठा खेळाडू आहे. येताना तो पाठीशी असल्याने जाण्यापेक्षा तासभर कमी लागतो. शिवाय कुणी आपलं आकाश बंद केलं की वळसा आलाच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे प्रवास रातोरात लांबले. अशा वेळी नकाशावरचं अंतर बघून केलेला अंदाज सोडून द्यायचा आणि अलीकडच्या चार-पाच उड्डाणांना खरंच किती वेळ लागला ते बघायचं.

जाता जाता, खिडकीबद्दल

मुंबई आणि नागपूर दोन्हीकडे घड्याळ एकच, पण सूर्य एक नाही. सहा अंश रेखांशाच्या फरकामुळे नागपुरात दिवस सुमारे पंचवीस मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. संध्याकाळी नागपूरहून निघणारं विमान सूर्याच्या मागे धावतं. आपल्या अक्षांशावर पृथ्वीची कड ताशी साधारण १५७० किलोमीटरने सरकते आणि विमान त्याच्या निम्म्या वेगाने तिचा पाठलाग करतं, त्यामुळे खाली जो सूर्यास्त चटकन उरकतो तो वर जवळजवळ दुप्पट वेळ चालतो. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये जागा निवडताना उजवीकडची खिडकी घ्या, एफ. हिवाळ्यात सूर्य जवळपास समोरच येतो, तेव्हा तो वैमानिकालाच दिसतो. आईने दुसऱ्या वेळी एफ मागून घेतली. घड्याळ तिने त्या दिवशी बघितलं नाही.